विश्लेषण : शरीरात तांबे साठवणारा ‘विल्सन’ आजार ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते किनिअर विल्सन कोण होते? औषधाचे पिंपरीशी नाते काय?

पुणे-मुंबई महामार्गाने पिंपरीतून जाताना हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा जुना कारखाना लागतो. शहरातले लोक त्याला नुसते ‘एचए’ म्हणतात. या कारखान्यात १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. त्याच सुमारास अमेरिकेतल्या बोस्टन शहरात जॉन वॉल्श नावाचे एक ब्रिटिश डॉक्टर पेनिसिलिनपासूनच मिळणाऱ्या एका पदार्थाचा विचार करत होते. शरीरात साठलेले तांबे हा पदार्थ लघवीवाटे बाहेर काढू शकेल का, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तर होकारार्थी निघाले आणि तोपर्यंत जीवघेणा समजला जाणारा एक आजार गोळीने आटोक्यात येऊ लागला.

त्या आजाराचे नाव ‘विल्सन आजार’. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो, ते डॉ. सॅम्युअल अलेक्झांडर किनिअर विल्सन हे यश पाहायला हयात नव्हते. त्यांच्या निधनाला तेव्हा १८ वर्षे झाली होती. विल्सन यांनी नेमके काय शोधले, त्यांच्या नजरेतून काय सुटले आणि शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्यांच्या नोंदींचा आजच्या रुग्णाच्या घराशी काय संबंध आहे, ते समजून घेऊ.

विल्सन आजार म्हणजे नेमके काय?

तांबे हे शरीराला लागणारे खनिज आहे. लोहाचा वापर, मज्जातंतूंचे काम आणि अनेक रासायनिक क्रिया त्याच्यावाचून अडतात. मात्र लागते ते अगदी थोडे. प्रौढ माणसाच्या संपूर्ण शरीरात साधारण १०० मिलीग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहावा भाग इतकेच तांबे असते. रोजच्या जेवणातून १ ते २ मिलीग्रॅम तांबे पोटात जाते. त्यातले हवे तेवढे यकृत, म्हणजे लिव्हर, वापरते आणि उरलेले पित्तातून आतड्यात सोडून देते. तिथून ते शौचावाटे बाहेर पडते.

हा निचरा करणारे एक प्रथिन यकृताच्या पेशींत असते. त्याचे नाव एटीपी७बी. त्याचे काम खरोखरच पंपासारखे आहे. चाकणच्या एखाद्या कारखान्यात उत्पादन चालू आहे, पण सांडपाणी प्रकल्पाचा पंप बंद पडला आहे, असे समजा. पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. टाकी हळूहळू भरत जाते आणि एक दिवस ओसंडते. विल्सन आजारात हेच होते. मूल जन्मल्यापासून यकृतात तांबे साठत राहते. जागा संपली की ते रक्तात उतरते आणि मेंदू, डोळे, मूत्रपिंड यांत जाऊन बसते.

त्यामुळे लक्षणे बहुतेकदा शाळा-कॉलेजच्या किंवा नोकरीला लागण्याच्या वयात दिसतात. कुणाला कावीळ होते, कुणाच्या पोटात पाणी होते. कुणाचे हात थरथरतात, अक्षर बिघडते, बोलणे अडखळते, तोंडातून लाळ गळते. कुणाचा स्वभावच बदलतो, अभ्यासात घसरण होते. आजार एकच, पण एक रुग्ण पोटाच्या डॉक्टरकडे जातो, दुसरा मेंदूच्या आणि तिसरा मानसोपचारतज्ज्ञाकडे. निदान हुकते ते इथेच.

किनिअर विल्सन कोण होते?

विल्सन यांचा जन्म ६ डिसेंबर १८७८ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या सीडरव्हिल या गावी झाला. वडील आयर्लंडहून आलेले धर्मोपदेशक होते. मुलगा जेमतेम वर्षाचा असताना ते वारले. आई मुलांना घेऊन स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहरात आली आणि विल्सन तिथेच वाढले. त्यामुळे जन्माने अमेरिकी असले तरी त्यांचे शिक्षण आणि नंतरची सगळी कारकीर्द ब्रिटनची.

एडिंबरोच्या जॉर्ज वॉट्सन्स कॉलेजमध्ये त्यांचे शालेय शिक्षण झाले. एडिंबरो विद्यापीठातून त्यांनी आधी एम. ए. केले, १९०२ मध्ये वैद्यकीय पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी शरीरक्रियाशास्त्रात बी. एस्सी. पूर्ण केली. एडिंबरोच्या रॉयल इन्फर्मरी रुग्णालयात सर बायरम ब्रॅमवेल यांच्या हाताखाली काम करताना मज्जासंस्थेच्या आजारांची त्यांना ओढ लागली.

त्या काळी मेंदूचे शास्त्र शिकायचे तर पॅरिस गाठावे लागे. विल्सन शिष्यवृत्ती मिळवून तिथे गेले. पिएर मारी आणि जोसेफ बाबिन्स्की हे दोघे त्या काळातले नावाजलेले मेंदूतज्ज्ञ. त्यांच्याकडे विल्सन यांनी रुग्ण पाहण्याची पद्धत आत्मसात केली. पुढे जर्मनीतल्या लाइपझिग इथेही ते काही काळ होते. १९०४ मध्ये ते लंडनला आले आणि क्वीन स्क्वेअर इथल्या नॅशनल हॉस्पिटलमध्ये रुजू झाले. मेंदू आणि मज्जातंतूंच्या आजारांसाठीचे हे जगातले अग्रगण्य रुग्णालय. ह्यूलिंग्ज जॅक्सन, विल्यम गोवर्स, व्हिक्टर हॉर्सली अशी मोठी माणसे तिथे होती.

तेव्हा एमआरआय नव्हता, सीटी स्कॅन नव्हता. डॉक्टरकडे साधने होती ती एवढीच : रुग्णाकडे बारकाईने पाहणे, जे दिसेल ते लिहून ठेवणे आणि रुग्ण दगावल्यावर शवविच्छेदन करून लिहिलेले ताडून पाहणे. या तिन्हींत विल्सन तरबेज होते.

१९१२ च्या निबंधात त्यांनी काय मांडले?

क्वीन स्क्वेअरमध्ये काम करताना विल्सन यांच्यासमोर काही तरुण रुग्ण आले. हातापायांना कंप, ताठरलेले स्नायू, अडखळणारे बोलणे, गिळायला त्रास, कारण नसताना येणारे हसू, झपाट्याने घटणारे वजन. पण अर्धांगवायू नव्हता आणि संवेदना शाबूत होत्या. तेव्हा माहीत असलेल्या मेंदूच्या कोणत्याच आजारात हे चित्र बसत नव्हते. काही महिन्यांत, फार तर काही वर्षांत हे रुग्ण दगावत.

शवविच्छेदनात दोन गोष्टी आढळल्या. मेंदूच्या खोल भागातील मसुराच्या आकाराचे एक केंद्र दोन्ही बाजूंनी झिजून गेले होते. यकृत आक्रसलेले आणि गाठीगाठींचे झाले होते, म्हणजेच सिरॉसिस. दारूच्या व्यसनाचा प्रश्नच नव्हता, कारण यातले काही तर किशोरवयीन होते. हयात असताना बहुतेकांना यकृताचा काही त्रासही जाणवला नव्हता.

विल्सन यांनी जुन्या नोंदी धुंडाळल्या. विल्यम गोवर्स यांनी १८८८ मध्येच असा एक रुग्ण नोंदवला होता. इतर देशांतल्या डॉक्टरांच्या लेखांतही तुरळक उल्लेख सापडले. स्वतः पाहिलेले, रुग्णालयाच्या दप्तरातले आणि आधी प्रसिद्ध झालेले असे मिळून डझनभर रुग्ण त्यांनी एकत्र मांडले. विखुरलेल्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्यावर हा एकच, स्वतंत्र आजार आहे हे दिसून आले.

या कामासाठी १९११ मध्ये एडिंबरो विद्यापीठाने त्यांना एम. डी. पदवी सुवर्णपदकासह दिली. १९१२ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात तो निबंध प्रसिद्ध झाला. त्याची लांबी २०० पानांहून अधिक होती. तेव्हा विल्सन यांचे वय होते ३३ वर्षे.

या निबंधाचे महत्त्व एका आजारापुरते नाही. शरीराच्या हालचालींवर मेंदूच्या पृष्ठभागाचेच नियंत्रण असते, असा तोवर समज होता. खोलवरच्या केंद्रांना इजा झाली तरी हालचाली बिघडतात, हे या रुग्णांनी दाखवून दिले. पार्किन्सनसारख्या आजारांचा अभ्यास पुढे ज्या वाटेने गेला, त्या वाटेवरचा हा एक मोठा टप्पा मानला जातो.

त्यांचे काय बरोबर ठरले आणि काय निसटले?

विल्सन यांच्या तीन गोष्टी पक्क्या ठरल्या. यकृत आणि मेंदू यांचे बिघडणे एकमेकांशी जोडलेले आहे, ही पहिली. आजार एकाच घरातल्या भावंडांमध्ये दिसतो, ही दुसरी. मेंदूची हानी कुठल्या तरी विषामुळे होत असावी आणि त्या विषाचे मूळ यकृताच्या बिघाडात असावे, ही तिसरी.

ते विष म्हणजे तांबे, हे मात्र त्यांना उमगले नाही. १९१३ मध्ये एका जर्मन संशोधकाने अशा रुग्णाच्या यकृतात तांबे जास्त असल्याचे दाखवले होते. पण त्या नोंदीकडे बराच काळ कुणी गांभीर्याने पाहिले नाही.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. या आजारात डोळ्याच्या बुबुळाभोवती तपकिरी-हिरवट रंगाचे कडे दिसते. कायझर आणि फ्लायशर या दोन जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १९०२ आणि १९०३ मध्येच त्याचे वर्णन केले होते. हे कडे म्हणजे पारदर्शक पटलात साठलेले तांबेच. विल्सन यांच्या १९१२ च्या वर्णनात त्याला स्थान नव्हते. आज निदान करताना डॉक्टर आधी तेच शोधतात.

तिसरी चूक आनुवंशिकतेची. आजार घराण्यात दिसतो, हे त्यांनी लिहिले. पण आई-वडील ठणठणीत आहेत, मग तो वारशाने येतो असे कसे म्हणायचे, असा त्यांचा तर्क होता. खरे उत्तर असे : आई आणि वडील दोघांकडेही सदोष जनुकाची एकेक प्रत असते. दुसरी प्रत चांगली असल्याने त्यांना त्रास होत नाही. ज्या मुलाला दोघांकडूनही सदोष प्रत मिळते, त्यालाच आजार होतो. प्रत्येक अपत्याच्या बाबतीत ही शक्यता चारात एक असते. हे जनुक १९९३ मध्ये सापडले. ते १३ व्या गुणसूत्रावर आहे.

नंतरच्या आयुष्यात विल्सन यांनी काय केले?

एका आजाराला नाव मिळाले म्हणून विल्सन थांबले नाहीत. १९१३ मध्ये एडिंबरोचे मेंदूतज्ज्ञ अलेक्झांडर ब्रूस यांच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला. १९१९ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये त्यांची मेंदूतज्ज्ञ म्हणून नेमणूक झाली. पुढच्या वर्षी त्यांनी मेंदूविज्ञान आणि मनोविकार या विषयांना वाहिलेले नियतकालिक सुरू केले. वेगळ्या नावाने ते आजही निघते.

अपस्मार म्हणजे फिट, मेंदूच्या इजेने वाचा जाणे, निद्राविकार, हालचालींचे विकार अशा अनेक विषयांवर त्यांनी लिहिले. १९२० च्या दशकात त्यांनी रुग्णांच्या हालचालींचे चित्रीकरणही करून ठेवले. कंप आणि ताठरपणा शब्दांत पकडता येत नाही, तो पाहावा लागतो. आज मोबाइलवर रुग्णाचा व्हिडीओ काढून डॉक्टरांना दाखवणे आपल्याला साधे वाटते. विल्सन यांनी ते मूकपटाच्या काळात केले होते. रुग्ण समोर बसवून शिकवणारे उत्तम शिक्षक म्हणूनही त्यांची ख्याती होती.

१२ मे १९३७ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्या दिवशी लंडनमध्ये राजे सहावे जॉर्ज यांचा राज्याभिषेक होता. विल्सन यांचे वय होते ५८. मेंदूच्या आजारांवरील त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ अपुरा राहिला होता. तो १९४० मध्ये, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. निबंध लिहिल्यानंतर पाव शतक ते जगले, पण त्यांच्याच नावाच्या आजारावर एकही उपचार त्यांच्या हयातीत निघाला नाही.

मग औषध आले कुठून?

सुरुवात युद्धातून झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑक्सफर्डमध्ये आर्सेनिकयुक्त विषारी वायूवर उतारा तयार करण्यात आला. तो शरीरातल्या जड धातूंना पकडून बाहेर काढत असे. १९४८ मध्ये लंडनचे डॉ. जॉन कमिंग्ज यांनी या रुग्णांच्या यकृतात आणि मेंदूत तांबे साठते हे ठोसपणे दाखवले. मग हाच उतारा तांब्यावर का वापरू नये, हा विचार पुढे आला. १९५१ च्या सुमारास काही रुग्णांना त्याची इंजेक्शने देण्यात आली. फायदा दिसला, पण इंजेक्शने अतिशय वेदनादायी होती. जन्मभर ती घेत राहणे अवघड होते.

गोळीची कल्पना जॉन वॉल्श यांची. यकृताच्या रुग्णांची लघवी तपासताना त्यांना त्याआधी एक वेगळा पदार्थ आढळला होता. ज्यांना पेनिसिलिन दिले जात होते, त्यांच्याच लघवीत तो सापडत होता. पेनिसिलिनचे शरीरात विघटन झाले की तो तयार होतो. त्याचे नाव पेनिसिलामाइन. पुढे बोस्टनमध्ये विल्सन आजाराचा एक रुग्ण पाहताना वॉल्श यांच्या लक्षात आले, की या पदार्थाची रासायनिक रचना तांब्याला घट्ट धरून ठेवणारी आहे. रुग्णाला देण्याआधी त्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला. नंतर रुग्णाला दिल्यावर लघवीतून जाणारे तांबे कितीतरी पटींनी वाढले. १९५६ मध्ये त्यांनी हे उपचार म्हणून जगासमोर मांडले.

पिंपरीचा संबंध इथे येतो. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही औषधनिर्मितीतली देशातली पहिली सरकारी कंपनी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने ती १९५४ मध्ये स्थापन झाली. पिंपरी-चिंचवड महापालिका व्हायला तेव्हा आणखी २८ वर्षे होती. वॉल्श यांचा शोध पिंपरीत लागला नाही आणि त्यांच्या प्रयोगाशी या कारखान्याचा काही संबंध नव्हता. पण जंतुसंसर्गावर म्हणून जे पेनिसिलिन इथल्या टाक्यांत बुरशीपासून तयार होऊ लागले, त्याच रेणूच्या एका तुकड्यात एका दुर्मीळ आजाराचे औषध दडले होते. ते उजेडात आले तेही नेमक्या त्याच काळात.

पुण्याने तांब्याबद्दल काय शिकवले?

यकृतात तांबे साठण्याचा आणखी एक आजार महाराष्ट्राने जवळून पाहिला आहे. तो म्हणजे भारतीय बालकांमधील सिरॉसिस. साधारण सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांचे पोट फुगे, यकृत दगडासारखे कडक होई, कावीळ होई आणि बहुतेक मुले दगावत. एकाच घरातली एकापाठोपाठ एक मुले जात. हा विल्सन आजार नव्हे. पण या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण त्याहूनही जास्त आढळे.

१९८० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या कोड्याचा पाठपुरावा केला. मुलांना काय भरवले जाते, यासोबत कशातून भरवले जाते, याचीही त्यांनी चौकशी केली. धागा स्वयंपाकघरात सापडला. ज्या घरांत तान्ह्या बाळासाठी गाई-म्हशीचे दूध पितळी भांड्यात तापवून त्यातच ठेवले जाई, तिथे हा आजार जास्त दिसला. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. आतून कल्हई असेपर्यंत कथलाचा थर दुधाला तांब्यापासून दूर ठेवतो. कल्हई उडाली की तांबे दुधात उतरते आणि दुधातल्या प्रथिनांना चिकटून बाळाच्या पोटात जाते. बाळाचे यकृत इतके तांबे बाहेर टाकू शकत नाही.

याच मुलांवर पेनिसिलामाइनचाही वापर झाला. आजार फार पुढे जाण्याआधी औषध सुरू झाले, तर काही मुले वाचली. पूर्ण बरी झाल्यावर त्यांचे औषध थांबवताही आले. त्याहून मोठा परिणाम भांडी बदलण्याचा झाला. दुधासाठी पितळेऐवजी स्टीलचे पातेले आले आणि एके काळी बालरुग्ण विभागात हमखास दिसणारा हा आजार दुर्मीळ झाला.

या दोन आजारांतला फरक महत्त्वाचा आहे. बालकांच्या सिरॉसिसमध्ये तांबे बाहेरून जास्त येत होते. ते थांबवले की प्रश्न सुटला. विल्सन आजारात जेवणातले नेहमीचे तांबेच बाहेर पडत नाही, कारण पंप जन्मतः बिघडलेला असतो. म्हणून इथे औषध जन्मभर घ्यावे लागते.

तांब्याच्या भांड्यातले पाणी प्यायल्याने हा आजार होतो का?

नाही. विल्सन आजार जनुकातून येतो, भांड्यातून नाही. पण ज्यांना हा आजार आहे, त्यांनी तांब्या-पितळेच्या भांड्यातले पाणी आणि अन्न टाळावे, असाच सल्ला दिला जातो. कलेजी, शेलफिश, चॉकलेट, मशरूम आणि सुकामेवा यांत तांबे जास्त असते. उपचाराच्या सुरुवातीच्या काळात तरी या पदार्थांवर बंधन येते. मात्र नुसत्या पथ्याने आजार आटोक्यात येत नाही.

निदान कसे होते?

एका चाचणीने भागत नाही. रक्तातील सेरुलोप्लाझमिन या प्रथिनाचे प्रमाण पाहतात. ते तांबे वाहून नेते आणि या आजारात बहुधा कमी असते. २४ तासांची लघवी साठवून त्यातले तांबे मोजतात. नेत्रतज्ज्ञ स्लिट लॅम्पखाली बुबुळाभोवतीचे कडे शोधतात. गरजेनुसार मेंदूचा एमआरआय, यकृताचा तुकडा तपासणे आणि जनुकीय चाचणी करतात.

इथे एक चकवा आहे. तांबे साठण्याचा आजार म्हणून रक्तातले एकूण तांबे वाढलेले असेल, असे वाटते. प्रत्यक्षात ते कमीही दिसू शकते, कारण रक्तातले बरेचसे तांबे सेरुलोप्लाझमिनसोबतच असते आणि तेच इथे कमी असते. त्यामुळे रिपोर्टवरचा एक आकडा पाहून घरीच निष्कर्ष काढू नये.

आज उपचार कोणते आहेत?

पेनिसिलामाइन आजही वापरात आहे. ते रिकाम्या पोटी घ्यावे लागते. सोबत ब-६ जीवनसत्त्व देतात. काहींना त्याची ॲलर्जी होते, काहींच्या मूत्रपिंडावर परिणाम होतो. मेंदूची लक्षणे असलेल्या काही रुग्णांचा त्रास सुरुवातीला वाढतोही. म्हणून डोस हळूहळू वाढवतात आणि रक्त-लघवीच्या तपासण्या सुरू ठेवतात. ज्यांना ते सोसत नाही, त्यांच्यासाठी ट्रायएंटिन हे दुसरे औषध आहे. तेही १९६९ मध्ये वॉल्श यांनीच प्रथम वापरले.

तिसरा मार्ग जस्ताचा, म्हणजे झिंकचा. जस्त साठलेले तांबे ओढून काढत नाही. ते आतड्यातच तांब्याला अडवते. लक्षणे दिसण्याआधीच निदान झालेल्यांना आणि आजार आटोक्यात आल्यानंतर ते उपयोगी पडते. यकृत अचानक निकामी झाले किंवा औषधांपलीकडे गेले, तर यकृत प्रत्यारोपण करावे लागते. नव्या यकृतात पंप चालू स्थितीत असतो.

औषध थांबवल्यास काय होते?

बरे वाटू लागले, हात थरथरायचे थांबले, कामावर जाणे सुरू झाले, की रोजच्या गोळ्या नकोशा होतात. तीन पाळ्यांमध्ये काम करणाऱ्याला रिकाम्या पोटी औषधाची वेळ सांभाळणे सोपे नसते. पण या आजारात औषध सोडणे हा सर्वात मोठा धोका आहे. आत तांबे पुन्हा साठू लागते आणि यकृत झपाट्याने निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो. गर्भारपणातही औषध मनाने बंद करायचे नसते. डोस बदलायचा की नाही, हे डॉक्टर ठरवतात.

पिंपरी-चिंचवडमध्ये असे किती रुग्ण असू शकतात?

जगभरात साधारण ३० हजार लोकांमागे एक, असे या आजाराचे प्रमाण सांगितले जाते. २०११ च्या जनगणनेनुसार पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७ लाख २७ हजारांच्या घरात होती. या दोन आकड्यांचा भागाकार ५७ च्या आसपास येतो. ही रुग्णांची मोजणी नव्हे, नुसता हिशेब आहे. पण दुर्मीळ म्हणजे आपल्या शहरात नाहीच, असे समजू नये, एवढे त्यातून कळते.

आपल्याकडे अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची पद्धत आहे. जवळच्या नात्यात लग्न झाले की दोघांकडेही एकच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते. त्यामुळे अशा घरांत या आजाराकडे अधिक लक्ष द्यायला हवे.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावे?

• तरुण वयात कारण न सापडलेली कावीळ किंवा यकृताचा आजार असेल, तर विल्सन आजाराची तपासणी झाली का, हे डॉक्टरांना विचारा.

• हातांचा कंप, बिघडलेले अक्षर, अडखळते बोलणे किंवा अचानक बदललेला स्वभाव याकडे वयाचा दोष किंवा आळस म्हणून पाहू नका.

• निदान झालेल्या रुग्णाची औषधे संपण्याआधी आणून ठेवा. ही औषधे प्रत्येक मेडिकलमध्ये मिळतीलच असे नाही.

• घरात एकाला हा आजार निघाला, तर त्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी करून घ्या. ती धडधाकट दिसत असली तरीही.

शेवटचा मुद्दा सर्वात महत्त्वाचा. हा आजार भावंडांमध्ये दिसतो, हे विल्सन यांनी १९१२ मध्येच लिहून ठेवले होते. त्या वेळी दुसरे भावंड आजारी पडेपर्यंत वाट पाहण्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती काही नव्हते. आज त्या भावंडाचे निदान पहिले लक्षण दिसण्याआधी होऊ शकते. औषध वेळेत सुरू झाले आणि ते नियमित घेतले, तर त्याला शाळा, नोकरी, संसार सगळे इतरांसारखे करता येते. त्यासाठी एका रुग्णाच्या फाइलवर विल्सन हे नाव आले, की त्याच आठवड्यात त्याच्या भाऊ-बहिणींनाही दवाखान्यात न्यायला हवे.